मत ठोकून देण्याआधी मीटर कुठं लावलाय ते बघा

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस तुमच्यासमोर उभी असते. धार तुमच्यासमोर काढतात आणि फेसासकट ग्लास हातात येतो. त्यामुळं तिथं दुधावरनं कधी भांडण होत नाही. भांडण होतं ते बाकी सगळ्यावरनं. चीननं नकली सूर्य पेटवला, टॉवरनं चिमण्या गेल्या, एआय आला म्हणजे पोरांनी शिकायचं कशाला, पाच मिनिटांत चार्ज होणारी बॅटरी आली म्हणून पेट्रोल पंप बंद. एक ग्लास संपेपर्यंत चार बातम्यांचा निकाल लागलेला असतो.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, 31 वर्षं मेंटेनन्सला होतो, इलेक्ट्रिशियन म्हणून. एवढ्या भांडवलावर गल्लीनं मला शास्त्रज्ञ करून टाकलंय. "तुम्ही करंटातली माणसं, तुम्हीच सांगा," म्हणायचं आणि विचारायचं लसीबद्दल. मीही सांगायचो. मत मागितलं आणि कोल्हापूरकरानं दिलं नाही असं कधी झालंय का? पण दोन-चार महिन्यांत तेच मत माघारी येऊन अंगावर पडायचं. पडून पडून जी रीत बसली ती इथं लिहितोय. मत देऊ नका असं मी सांगणार नाही. सांगून ऐकणार कोण?

मीटर

आमच्या फौंड्रीत नवी इंडक्शन भट्टी घ्यायची ठरली तेव्हाची गोष्ट. विकणाऱ्याचा माणूस म्हणाला, टनाला 520 युनिटात लोखंड वितळतं. प्रात्यक्षिकही दाखवलं, आकडा बरोबर आला. मालक खूश, भट्टी आली. पहिल्या महिन्याचं बिल आलं तेव्हा हिशेब टनाला 680 च्या घरात. मालकांनी मला बोलावून घेतलं, जणू मधली 160 युनिटं मी डब्यातनं घरी नेली होती.

तो माणूस खोटं बोलला नव्हता. त्यानं मीटर लावला होता भट्टीच्या पॅनेलवर. क्रुसिबल, म्हणजे लोखंड वितळतं ते भांडं, गच्च भरलेलं, आतलं अस्तर आधीच तापलेलं, झाकण बंद. आमचं बिल येतं अख्ख्या कारखान्याच्या मुख्य मीटरवरनं. त्यात कूलिंगचे पंप आले, सोमवारी सकाळी गार भट्टी तापवणं आलं, मोल्ड तयार नाहीत म्हणून वितळलेला माल तसाच धरून ठेवणं आलं. आकडे दोन्ही खरे, मीटर दोन ठिकाणी.

तेव्हापासून कुठलाही आकडा वाचला की माझा पहिला प्रश्न हाच असतो: हा मोजला कुठं?

डिसेंबर 2022 मध्ये बातमी आली की अमेरिकेत लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत अणूंच्या संमीलनातून घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली. कट्ट्यावर लगेच वीज फुकट झाली. मी आकडे शोधले. 192 लेझरनी मिळून इंधनाच्या गोळीवर 2.05 मेगाज्यूल ऊर्जा टाकली, बाहेर आली 3.15. दीडपट. पण ते लेझर पेटवायला बोर्डातनं ओढलेली वीज होती 300 मेगाज्यूलच्या आसपास. मेगाज्यूल म्हटलं की आपल्याला काही बोध होत नाही, म्हणून बिलाच्या भाषेत बघा. एक युनिट म्हणजे 3.6 मेगाज्यूल. म्हणजे बाहेर आलं एक युनिटसुद्धा नाही, आणि आत गेली 83 युनिटं.

मग बातमी खोटी का? अजिबात नाही. त्यांनी मीटर गोळीवर लावला होता, आणि गोळीपुरतं बघितलं तर तसं प्रयोगशाळेत त्याआधी कधीच झालं नव्हतं. मोठंच काम आहे ते. फक्त त्याचा आपल्या लाइटबिलाशी संबंध नव्हता. ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलता येतात, आणि बोलावीत. कट्ट्यावर माणसं एकच बोलतात, एक तर "क्रांती झाली" नाही तर "सगळं थोतांड आहे".

जानेवारी 2025 मध्ये हेच पुन्हा झालं. चीनच्या डीपसीक कंपनीनं म्हणे सुमारे 56 लाख डॉलरमध्ये असा एआय बनवला की अमेरिकेच्या कंपन्यांची झोप उडाली. 27 तारखेला एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या शेअरचं मूल्य एका दिवसात जवळजवळ 600 अब्ज डॉलरनं घसरलं. पुतण्या म्हणाला, "काका, एवढ्या पैशात तर आपणपण काढू की." मी म्हटलं, आधी पॅटर्न विचार.

फौंड्रीत कास्टिंगचा भाव किलोवर सांगतात. त्या भावात पॅटर्न, म्हणजे ज्यावरनं साचा करतात तो नमुना नसतो, आतली पोकळी पाडायचा कोअर बॉक्स नसतो, पहिल्या लॉटमध्ये भोकं पडून भंगारात गेलेले नग नसतात. ते सगळं वेगळं. डीपसीकच्या अहवालातच लिहिलंय की हा खर्च फक्त शेवटच्या ट्रेनिंगचा, आधीचं संशोधन आणि चाचण्या यात धरलेल्या नाहीत. त्यांनी लपवलं नव्हतं. वाचणाऱ्यांनी किलोचा भाव घेऊन अख्ख्या फौंड्रीची किंमत लावली.

कशाला किती

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. यातनं जे शिकलो ते फुकट मिळालेलं नाही.

ऑगस्ट 2019. पंचगंगेला महापूर. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 39 फुटाला गेलं की इशारा, 43 ला धोका, हे कोल्हापुरातलं शेंबडं पोर सांगतं. त्या वर्षी ते 55 च्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, कारखाना बंद, मी घरात फोन हातात घेऊन बसलेलो. रात्री मेसेज आला: "राधानगरीतून दहा हजार सोडलं, रात्रीत सगळं शहर जाणार." मी तो बहिणीला पुढं ढकलला. ती राहते कळंब्याकडं, उंचावर. तिथं पूर यायचा तर आधी निम्मं कोल्हापूर बुडायला पाहिजे.

एवढा विचार मी केला नाही. तिनंही केला नाही, कारण मेसेज दादाचा. बिचारीनं रात्रीत गव्हाची चार पोती गच्चीवर चढवली आणि वर ताडपत्री टाकली. पहाटे वाऱ्यानं ताडपत्री उडाली. खाली घरात पाण्याचा थेंब नाही, आणि गच्चीवर गहू भिजून फुगलेला. पुरानं नव्हे, माझ्या मेसेजनं भिजला तो. अजून ऐकवते, "दादा, तुझ्या एका मेसेजवर मी चार पोती वर नेलो."

दहा हजार काय? लिटर? टँकर? पूर ओसरल्यावर मी कागद घेऊन बसलो. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात, उतरलं की आपोआप मिटतात. एका दरवाज्यातनं 1428 क्युसेक जातं, साती उघडले की दहा हजारच्या जवळ. म्हणजे मेसेजमधला आकडा बरोबरच होता! दरवाजे जसे उघडायला पाहिजेत तसे उघडले, त्याचाच तो आकडा. आणि तो सेकंदाचा आहे, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. कुणी "धरणातून एक लाख लिटर पाणी सोडलं" म्हणून घाबरवलं, तर ते एका दरवाज्यातनं अडीच सेकंदात जातं. लाख ऐकून छातीत धस्स होतं, अडीच सेकंद ऐकून होत नाही.

म्हणून दुसरा प्रश्न: कशाला किती? सेकंदाला, दिवसाला, माणशी, टनाला? एकक नसलेला आकडा पुढं पाठवायचा नाही. आणि एकक असलं तरी, आधी किती होतं?

हे "आधी किती" फार कामाचं आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखू. रविवारी सकाळी भावजींचा फोन, "ऐकलास काय, मटण आणि तंबाखू एकच." घरात तांबडा-पांढरा उकळत होता, आणि हा असला फोन.

नीट वाचलं तर पहिली गोष्ट, पहिल्या गटात सॉसेज, बेकन, हॅम. साधं मटण त्याच्या खालच्या, "बहुधा कारक"च्या गटात. दुसरी गोष्ट, हे गट पुरावा किती पक्का ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. साधं ऊनसुद्धा पहिल्याच गटात आहे. तिसरी गोष्ट, रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, असं ते म्हणाले होते. अठरा टक्के कशाचे? ब्रिटनसारख्या देशात शंभरातल्या पाच-सहा जणांना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो. सहाचे अठरा टक्के म्हणजे एक. सहाचे सात. आपल्याकडं मुळातच प्रमाण बरंच कमी. हे सांगून मी भावजींना रोज मटण खायची परवानगी देत नाही, ते माझ्या परवानगीला थांबतही नाहीत. पण "मटण म्हणजे तंबाखू" हे मत त्या कागदातनं निघत नाही.

दुसऱ्यानं करून बघितलं काय

कनेक्शन ढिलं असलं की मशीन काय काय दाखवेल याचा नेम नाही. हे मला कुठल्या शास्त्रज्ञानं शिकवायची गरज नाही. तरीपण सप्टेंबर 2011 मध्ये न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशाच्या पुढं धावले ही बातमी आली तेव्हा मी पार भारावलो होतो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेपासून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंत, जमिनीखालनं सुमारे 730 किलोमीटर, आणि प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद लवकर. मी कट्ट्यावर आइन्स्टाइनला रिटायर करून टाकलं.

पुढच्या वर्षी कळलं की जीपीएसच्या घड्याळाकडून येणारी ऑप्टिकल फायबरची एक केबल नीट बसलेली नव्हती. माझ्याच धंद्यातली चूक, आणि मला वास आला नाही. त्या शास्त्रज्ञांना मात्र मी मानतो. त्यांनी "आम्ही जिंकलो" म्हटलं नव्हतं. "आमची चूक सापडत नाही, तुम्ही बघा" असं म्हटलं होतं. बातमीत पहिलं वाक्य छापून आलं, हे दुसरं शेवटच्या परिच्छेदात गेलं. तर शेवटचा परिच्छेद आधी वाचत जा. खोटं वाटेल, पण निम्म्या बातम्या तिथंच विझतात.

जुलै 2023 मध्ये कोरियातल्या काहींनी एलके-99 नावाचा पदार्थ साध्या तापमानाला अतिसंवाहक आहे, म्हणजे वीज जराही अडवत नाही, असा दावा केला. शोधनिबंध कुणी तपासायच्या आधीच इंटरनेटवर टाकला होता. तो खरा असता तर वायरिंगमध्ये वीज वाया जाणं हा प्रकारच संपला असता. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचे व्हिडिओ फिरले. मग जगभरच्या प्रयोगशाळांनी तो भाजून बघितला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनंही. जमलं नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत उलगडा झाला: त्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती, आणि त्याचाच रोध एका तापमानाला एकदम पडतो. सगळा खेळ तीन-चार आठवड्यांचा. म्हणून "जगात पहिल्यांदाच" असं दिसलं की मी महिनाभर कुठली बाजू घेत नाही. महिन्यानं जग विसरलेलं असतं, पण खरं-खोटं कळलेलं असतं.

अफवांना एवढा वेळ द्यायची गरज नाही. त्यांना करंट विचारायचा. नोव्हेंबर 2016 मध्ये दोन हजारच्या नोटेत चिप आहे, ती जमिनीखाली 120 मीटरवरनंही उपग्रहाला पत्ता सांगते, असं टीव्हीवरसुद्धा सांगत होते. त्या चिपला सप्लाय कुठनं? आणि जीपीएस फक्त ऐकतं, बोलत नाही. फोनला आपला ठिकाणा कळतो, पण तो दुसऱ्याला सांगायला वेगळा ट्रान्समीटर, अँटेना आणि बॅटरी लागते. फोन रात्री चार्जिंगला लावावा लागतो आणि नोट तिजोरीत वर्षभर बोलत बसणार? एवढं विचारलं की मामला खल्लास.

उंदरांवरच्या प्रयोगाची बातमी असेल तर उंदरांना शुभेच्छा द्या आणि पुढं चला.

स्वतः मोजता येतं ते मोजा

अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो. मावळतीची किरणं महाद्वारातनं थेट आत येतात आणि देवीच्या चरणापासनं वर वर सरकतात. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. कट्ट्यावर एकानं ठासून सांगितलं, वर्षातनं दोनदाच का आणि त्याच तारखांना का, हे विज्ञानाला सुटलेलं नाही. मी घरी येऊन भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट फिरवलं. 10 नोव्हेंबर ते 22 डिसेंबर, म्हणजे सूर्य अगदी दक्षिणेला पोचतो तो दिवस, 42 दिवस. 22 डिसेंबर ते 1 फेब्रुवारी, 41 दिवस. सूर्य दक्षिणेला जाताना एकदा त्या ठिकाणी मावळतो आणि तेवढ्याच दिवसांनी परत येताना पुन्हा तिथंच. बांधणाऱ्यानं पश्चिमेचं दार नेमकं त्या रेषेत ठेवलं. हे कळल्यावर माझा हात जास्तच भक्तीनं जोडला गेला, त्या अनाम कारागिरासाठीसुद्धा. ढग असले, धूळ असली किंवा वाटेत इमारत आली तर किरणं पोचत नाहीत, त्याचंही कारण त्याच रेषेत आहे.

फोनमधल्या एआयला विचारायला हरकत नाही, मीही विचारतो. पण एकदा त्यानं मला एका संशोधनाचं नाव, साल, पान क्रमांक सगळं झकास दिलं, आणि पुतण्यानं दोन तास शोधून सांगितलं की असला कागदच अस्तित्वात नाही. तेव्हा त्याच्याकडनं नाव घ्यायचं आणि म्हैस स्वतः जाऊन बघायची.

वही

आता मत कसं मांडायचं ते. मी दुकानातनं लाल पुठ्ठ्याची चौकटीची वही आणलीय. प्रत्येक मताला एक ओळ: तारीख, काय म्हणालो, का म्हणालो, आणि काय घडलं तर मी चुकलो असं मान्य करीन. हा शेवटचा रकाना भरता आला नाही तर कट्ट्यावर तोंड उघडायचं नाही. बोलताना "माझ्या मते" लावलं म्हणून सुटका होत नाही. "माझ्या मते पाणी 90 डिग्रीला उकळतं" म्हटलं तरी ते इथं कोल्हापुरात 90 ला उकळणार नाही.

वहीतलं एक पान दाखवतो. जुलै 2023: "चांद्रयान-3 उतरणार नाही." का? "मागच्या वेळी आपटलं म्हणून." 23 ऑगस्टला संध्याकाळी ते उतरलं, गल्लीत फटाके, आणि मला मुद्दाम बोलावून पेढा खायला घातला. नंतर वाचलं की त्यांनी काय काय बदललं होतं: पाय मजबूत केले, इंधन जास्त भरलं, आणि उतरायची जागा 500 मीटरच्या चौकोनावरनं 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली. हे सगळं आधी छापून आलेलं होतं. मागच्या वेळेपासून बदललंय काय, हे मी विचारलंच नव्हतं. फौंड्रीत एखादी मोटर जळली तर रिवाइंडिंग करून तशीच बसवली असं आम्ही कधी केलं नाही. आणि इस्रो तसं करेल असं मी धरून चाललो.

त्याच्याच खाली एलके-99 ची ओळ आहे. "खोटं निघेल." का? "उगाच." निघालं खोटं. पण त्या ओळीला मी स्वतःच शून्य मार्क दिलेत. कारण नसताना बरोबर येणं म्हणजे मटक्याचा आकडा लागणं.

हारल्यावर पैज चुकवायची, तीही दूध कट्ट्यावर, सगळ्यांसमोर. मी आतापर्यंत 14 ग्लास पाजलेत आणि 9 प्यायलोय.

परवाच्या पावसात बहिणीचा फोन आला. "दादा, पाणी किती?"

मी म्हटलं, "राजाराम बंधारा, सकाळी आठची नोंद, 31 फूट 4 इंच. इशाऱ्याला 7 फूट 8 इंच कमी."

थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिहून पाठव. आणि गहू खालीच ठेवलोय, सांगून ठेवतो."